कोबोल सोडू की धरू

८ सप्टेंबर, सोमवार
गणपतीची सुट्टी संपवून ऑफिसात पाय ठेवला, तोच रोहनने मीटिंगला बोलावलं. आमचा मॅनेजर, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. गोड बोलतो, त्यामुळे जास्त धाकधूक होते. विमा कंपनी, म्हणजे आमचा क्लायंट, जुनी सिस्टिम बंद करणार. दोन वर्षांत सगळं नव्यावर. असं दरवर्षीच म्हणतात, पण या वेळी सह्या झाल्यात म्हणे. ती चालते कोबोल या जुन्या कॉम्प्युटर-भाषेवर, आणि ती येणारे उरलो तिघं: मी, कांबळे आणि फर्नांडिस. आमच्यापुढे दोन वाटा. एक तर नव्या लोकांना जुना कोड समजावून द्यायचा, आणि सिस्टिम बंद झाली की ‘तेव्हाचं तेव्हा बघू’. नाहीतर आत्ताच ट्रेनिंगला बसायचं आणि नव्या टीममध्ये पोरांच्या बरोबरीने पहिल्यापासून सुरुवात करायची. दसरा झाला की शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला, काय ते सांगा.
कोबोल सोडून मला दुसरं येतं काय? पोळ्यासुद्धा धड गोल होत नाहीत.

९ सप्टें.
झोप नाही. सकाळी मेट्रोत मोबाइलवर नोकऱ्या शोधल्या. कोबोल, मुंबई. जे सापडलं ते एक तर दुसऱ्या शहरात, नाहीतर रात्रपाळी, नाहीतर जाहिरातच जुनीपुराणी. जावा या नव्या भाषेवाल्यांच्या जाहिराती मात्र बोटाने वर सारून संपत नाहीत.
कांबळे म्हणतो, आपण दुर्मिळ झालोय, आता आपला भाव वाढणार. फर्नांडिस म्हणाला, डायनोसॉर पण दुर्मिळच आहेत बाबा. हसलो तिघंही. मग चहा प्यायला आणि जागेवर गेलो.

१० सप्टें.
संजयला सांगितलं. तो विमानतळावरच्या कार्गोमधून दमून आलेला. म्हणाला, “शिक ना नवीन, त्यात काय एवढं.” नवरे लोकांना सगळंच ‘त्यात काय एवढं’. पंचेचाळीसाव्या वर्षी तू शिक ना विमान उडवायला! असं बोलायला नको होतं. पण खरंच डोकं फिरलं होतं.
पोरीचं बारावीचं वर्ष. तिच्यासमोर विषय काढायचा नाही असं ठरलं.

१३ सप्टें., शनिवार
दळवी सरांचा फोन. मला कोबोल त्यांनीच शिकवलं, ही विम्याची सिस्टिमही निम्मी त्यांच्याच हातची. रिटायर होऊन स्वस्थ बसतील तर शपथ. दोन जुन्या मित्रांबरोबर इथे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा घेतलाय. लहान बँका, पतपेढ्या, ज्यांना नवीन सिस्टिम झेपत नाही, त्यांचं जुनं चालू ठेवायचं काम. ये म्हणाले. तुमच्या सेक्टरमधून चालत येशील, मेट्रोची कटकट नाही. “आपल्यासारखी माणसं आता मिळत नाहीत गं. तू आलीस की मी निर्धास्त.”
इतकं बरं वाटलं! कोणाला तरी मी हवी आहे.
संध्याकाळी मात्र हिशेब वेगळाच सुचला. द. सरांचं वय काय, त्यांच्या मित्रांचं काय. त्या गाळ्यात सगळ्यात लहान मीच असणार. हे तिघं थकले की मी एकटी कोणाच्या जिवावर…

१७ सप्टें.
रोहन म्हणाला, ठरवायच्या आधी ट्रेनिंग बघून तरी घ्या मॅडम. म्हणून बसले. शिकवणारी मुलगी माझ्या पोरीपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी. ‘मॅम, यू आर डुइंग ग्रेट.’ बालवाडीत गेल्यासारखं वाटतं.
पण इथे खरं लिहायला हरकत नाही. मला आवडलं. कोड लिहायचा नवीन एडिटर काय झकास आहे! अर्धा शब्द लिहिला की पुढचा तोच सुचवतो, रंगीत अक्षरं, ओळ हवी तेवढी लांब लिहा. आमच्या काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत इतकी वर्षं डोळे फोडले त्याचं वाईट वाटलं. द. सरांना हे सांगणार नाही.

१९ सप्टें.
ट्रेनिंगची परीक्षा. पास. पोरांच्या मागे, पण पास. घरी येताना स्वतःसाठी खरवस घेतला, रिक्षातच खाल्ला.
मग हे येतं म्हणायचं का मला? की नुसतं बघून बघून जमलं? एक पोरगा शेजारी बसून ते चारपट वेगाने करत होता, शिवाय गाणी ऐकत. त्याच्यात आणि माझ्यात एकालाच ठेवायचं झालं तर रोहन कोणाला ठेवेल, हे मलाही कळतं.

२३ सप्टें.
क्लायंटचं तातडीचं काम. हप्ता चुकला की पॉलिसी लगेच बंद होत नाही, सवलतीचे दिवस असतात. काही जुन्या पॉलिसींना ते वाढवून द्यायचेत. छोटंसं काम, एक अट घालायची. फर्नांडिस रजेवर, म्हणून माझ्याकडे. नव्या एडिटरची सवय लागलीय, तिथेच लिहून टाकलं. कांबळेला मेल केलं, त्याने बघून ठीक म्हटलं. टेस्ट पास. तासाभरात हातावेगळं.
कोबोलमध्ये मी अजून मीच आहे. बरं वाटलं.

२५ सप्टें., गुरुवार
नवरात्रातला पिवळा. सगळ्या पिवळ्या साड्या-ड्रेसात फोटोला उभ्या, आणि द. सरांचा फोन.
म्हणाले, “वर्षा, माझी पॉलिसी बंद पडली म्हणून मेसेज आलाय. अजून दिवस आहेत माझे.”
हा माणूस दरवर्षी हप्ता मुद्दाम सवलतीच्या शेवटच्या दिवसांत भरतो. सवलतीचा कोड त्यांचाच, तो चालतोय ना हे बघायला! आम्ही यावरून त्यांची किती टर उडवली असेल.
मी म्हटलं, सर, बघते. त्यांनी एवढंच विचारलं, “बहात्तर?”
फोटो तसाच टाकून जागेवर पळाले.
बहात्तरच. कोबोलमध्ये ओळीच्या बहात्तराव्या अक्षराला कुंपण असतं. त्याच्या पुढे लिहिलेलं मशीन वाचत नाही, आणि ओरडतही नाही. पहिल्या आठवड्यातला धडा. मी स्वतः किती जणांना शिकवलाय, वर ओरडलेही आहे. आमच्या जुन्या पडद्यावर कुंपणापुढे हात जातच नाही. नव्या एडिटरमध्ये ओळ लांबच लांब गेली, आणि ‘सवलत संपली असेल तरच’ हा तुकडा नेमका कुंपणाबाहेर. कांबळेलाही मेलमध्ये ओळ पूर्णच दिसली, कुंपण दिसायचं कारण नव्हतं. टेस्टला घेतलेल्या पॉलिसींत सवलतीतली एकही नव्हती.
सवलतीत असलेल्या सगळ्यांना मेसेज गेले. म्हातारी माणसं, विधवा बाया, कोण कोण असेल त्यात. संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं, माफीचे मेसेज सुटले. क्लायंटचे फोन रोहनने घेतले. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२६ सप्टें.
तो का बोलला नाही ते आज कळलं. क्लायंटसमोर सिस्टिम बंद करण्याचं सादरीकरण होतं. पहिल्याच पानावर माझी ओळ. नाव नाही, ओळ. खाली लिहिलेलं, असा धोका आपण किती दिवस पत्करणार? क्लायंटचे साहेब माना डोलावत होते. दोन वर्षांचं आता दीड वर्ष.
बाहेर आल्यावर रोहन म्हणाला, “डोन्ट टेक इट पर्सनली, मॅडम.” माझीच ओळ, रे! पर्सनली नाही घेणार तर कशी घेणार?
कांबळेची नजर चुकवत राहिले. त्याचे सहा महिने मी खाल्ले. त्याने उलट डब्यातली भाकरी पुढे केली. खाववली नाही.

२८ सप्टें., रविवार
द. सरांच्या गाळ्यावर गेले. खाली प्लास्टिकचे डबे बनतात, जिन्यात तोच वास. वर तीन टेबलं आणि एक नवं कोरं चौथं. माझं. बघून रडू आलं, तोंड फिरवलं.
काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी घाई होती का विचारलं. घाई नव्हती सर, मला कुंपण दिसलंच नाही, म्हटलं. त्यांनी स्वतः चहा केला, साखर जास्त घातली, आणि मग बोलले.
“इथे तुझं काम तपासायला कोणी नसेल वर्षा. तू लिहिलंस की ते गेलं. आलीस तर पूर्ण ये. अर्धी तिकडे ठेवून येऊ नकोस.”
मी विचारलं, तुम्ही अजून घ्याल मला? टेबल आणलंय ना, म्हणाले. पण ‘निर्धास्त’ हा शब्द या वेळी आला नाही. मी वाट बघत होते.

२९ सप्टें.
नव्या टीममध्ये गेले तर पोरांच्या मागे धावायचं, कधी दमेन आणि कधी काढतील, देव जाणे. सरांकडे गेले तर ज्याच्यावर विश्वास होता तो माझा हातच आता… आणि आहे तिथे थांबले तर दीड वर्ष. मीच कमी केलेलं.
संजय म्हणाला, तू काय ठरवशील ते आपलं, मी आहे. या वेळी ‘त्यात काय एवढं’ नाही म्हणाला. म्हणजे तोही घाबरलाय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सुट्टी टाकली. सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे समई लावली, पाट मांडला. विळी, संजयची ड्रिल मशीन, पोरीची कंपासपेटी. मग मला हाक, “तुझा हत्यार खंय गो?” ऑफिसचा लॅपटॉप आणून दिला. त्यांनी पुसला, हळदकुंकू, झेंडू, एकेकाला हात लावून पुटपुटत गेल्या. लॅपटॉपपाशी आल्यावर मला ऐकू आलं, “फुडच्या वर्साक पण हिच्या हाताक यश दी.”
पुढच्या वर्षी हा लॅपटॉप या घरात असेल की नाही, हेही मला सांगता येत नाही.
मी हात जोडले आणि तशीच उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं, काय मागलंस? म्हटलं, काही नाही आई, काय मागायचं तेच ठरत नाहीये. परवा सांगायचंय ऑफिसात.
त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय झालंय ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, पण त्यांच्यापासून काय लपतंय.
“मगे ठरव सावकाश. तवसर मी दिवो विझाक देवचंय नाय.”
आता संध्याकाळ झाली. मी इथे जेवणाच्या टेबलावर लिहितेय. मघापासून सासूबाई दोनदा उठून समईत तेल घालून आल्या.