बाबांच्या उजव्या कानासाठी

३ जानेवारी, दुपार
बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान गेलेलाच होता, आता उजव्यानेही राजीनामा द्यायचं ठरवलंय. नस निकामी होतेय म्हणे. मशीनचाही फारसा उपयोग नाही. चार महिने, फार तर सहा. डॉक्टर म्हणाले, काय ऐकायचं असेल ते ऐकून घ्या.

बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. वाईट वाटलं असणार, पण चेहरा कोरा. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, ते व्हायोलिनचं एकदा लाव.

ते व्हायोलिनचं म्हणजे कपाटातली एक रेकॉर्ड. कार्यक्रम चालू असताना घेतलेली. त्या दिवशी सभागृहात माईक बाबांनी लावले होते. कव्हरवर त्यांचं नाव नाही. नेटवर ती रेकॉर्ड कुठेही नाही, मी शोधली.

बायको म्हणाली, माळ्यावरचा जुना प्लेअर काढ, आज संध्याकाळी ऐकतील. त्या प्लास्टिकच्या डब्यावर! जन्मभर लोकांचे आवाज नीट करून दिले त्या माणसाला हा आवाज? शक्य नाही.

संकल्प: ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर, तोच काचेच्या ट्यूब तापल्यावर वाजणारा, आणि त्याला साजेसे स्पीकर. पंधरा दिवसांत. लिहून ठेवलं म्हणजे पाळलं जाईल.

८ जानेवारी
ऑफिसात विम्याच्या क्लेमच्या फायली बाजूला सारून अभ्यास. ऑनलाइन ग्रुपवर एक जाणकार भेटले, टोपणनाव कानसेन. त्यांचं म्हणणं, वॅट हा बाजारू आकडा आहे, खरा रसिक तीन वॅटमध्ये स्वर्ग गाठतो. पटलं.

बायको म्हणाली, बाबांना विचार, त्यांचा जन्म व्हॉल्व्हच्या सेटमध्ये गेला. म्हणजे ट्यूबच, बाबा त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. तिला समजावलं की बाबा रेडिओवाले, हे हाय-फाय. वेगळं क्षेत्र आहे. ती म्हणाली, तू हलक्या कानाचा आहेस. मी म्हटलं, हलका नाही, तयार कान म्हण.

२१ जानेवारी
अ‍ॅम्प्लिफायर आला. तीन वॅट. काय देखणा! रेकॉर्ड फिरवायला नवा टर्नटेबलही घेतला. स्पीकर ठरायचे आहेत. पंधरा दिवस उलटले, पण संकल्पाचा आत्मा शाबूत आहे.

चांदीच्या तारेची केबल कानसेनांनी दिली, बदल्यात माळ्यावरचा जुना प्लेअर नेला. अडगळ गेली. बायकोला संध्याकाळी सांगितलं. ती जेवताना एक शब्द बोलली नाही. कौतुक सगळ्यांनाच बोलून दाखवता येत नाही.

९ फेब्रुवारी
स्पीकर आले. अक्रोडाचं लाकूड. बाबांना आणून बसवलं. आधी दुसरीच एक रेकॉर्ड लावली, चाचणी म्हणून. व्हॉल्यूम पूर्ण. बाबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, खोलीत डास झालेत.

मग त्यांनी विचारलं, किती वॅटचा? मी सांगितलं. हसता हसता ठसका लागला त्यांना. हे स्पीकर म्हणजे खादाड, म्हणाले, तीन वॅटवर ते चालवणं म्हणजे सायकलच्या पंपाने ट्रकच्या टायरमध्ये हवा भरणं. एक तर अ‍ॅम्प्लिफायर मोठा घे नाहीतर स्पीकर कमी खाणारे घे.

मी दोन्ही बदलायचं ठरवलं. अर्धवट काम मला आवडत नाही.

बाबा उठताना म्हणाले, आता बसलोच आहे तर ते व्हायोलिनचं लाव, कान लावून ऐकतो. मी नाही म्हटलं. पहिला अनुभव डासासारखा नको.

२ मार्च
नवा अ‍ॅम्प्लिफायर चाळीस वॅटचा. एक कारागीर हाताने बनवतो, महिना लागेल. जुनी जोडगोळी विकून टाकली. मधल्या वेळेत खोलीची तयारी: जाड पडदे, सतरंजी, बाबांच्या खुर्चीची जागा टेपने मोजून जमिनीवर खडूच्या खुणा. त्यासाठी त्यांचा पलंग आतल्या खोलीत हलवावा लागला. तिथे खिडकी नाही, पण थोडे दिवस.

ताईचा फोन. बाबांशी दहा मिनिटं बोलली. नंतर मला म्हणाली, त्यांना अर्धं कळलं नाही रे, तू काय ते लवकर लाव. रडत होती बहुतेक. तिच्या फोनचा माईक खराब असावा, असं मी तिला सुचवलं.

५ एप्रिल, सकाळी १०
अ‍ॅम्प्लिफायर आला! नवे स्पीकर शनिवारी. कानसेनांचा सल्ला: नवं यंत्र शंभर तास वाजवून मोकळं करावं लागतं. मला कल्पना सुचली. स्पीकर नाहीतच, तर तसंच वाजत ठेवायचं. आवाज नाही, कोणाला त्रास नाही, शनिवारपर्यंत शंभर तास पूर्ण. हे कानसेनांनाही सुचलं नसतं.

त्याच दिवशी, दुपार
वाईट झालं. मी त्याच खोलीच्या भिंतीवर पोस्टर लावत होतो. आतून बाबा ओरडले, जळतंय, जळतंय. मला वास आलाच नव्हता. काठी टेकत आले आणि प्लग स्वतः ओढला. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बघितलं, स्पीकरच्या तारा जोडलेल्याच नाहीत. माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत नापास झालो होतो तेव्हाही तसं बघितलं नव्हतं. म्हणाले, व्हॉल्व्हच्या सेटला लोड लागतो. ओझं नसलं की ट्रान्सफॉर्मर स्वतःलाच जाळून घेतो. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

लाज वाटली. खरंच वाटली.

मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, खोल आणि दे इकडे, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग मी करून देतो. चार दिवसांचं काम. चष्मा पुसायलाही लागले. डोळे वेगळेच दिसत होते. मी म्हटलं, बाबा, वॉरंटी जाईल. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला.

कारागिराकडे परत पाठवला. तीन आठवडे लागतील.

२८ एप्रिल
बाबांची कानाची तपासणी होती. कुरियर येणार म्हणून मी थांबलो, बायको घेऊन गेली. आल्यावर ती रिपोर्टबद्दल काहीतरी सांगत होती, तेवढ्यात कानसेनांचा फोन आला. ती म्हणाली, तू कानाडोळा करतोयस. मी म्हटलं, नंतर सविस्तर बोलू. कुरियर आलं नाही.

९ मे
बायकोने एक पांढरा बोर्ड आणि पेन आणलाय. बाबांना सगळं लिहून दाखवते. अतिरेक आहे. मी उजव्या कानाशी मोठ्याने बोलतो तेव्हा ते मान हलवतात, म्हणजे ऐकू येतंय. काल मी विचारलं, पाणी हवं का? मान हलवली. आणून दिलं तर माझ्याकडे बघत राहिले. तहान गेली असेल.

हल्ली स्वतःहून काही बोलत नाहीत. शांतता आवडायला लागली असावी या वयात. मला थोडी भीती वाटते. पण अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन निघालाय.

१७ मे, रविवार, सकाळी ११
आजचा दिवस. अ‍ॅम्प्लिफायर समोर, स्पीकर खडूच्या खुणांवर. टर्नटेबलला हादरे लागू नयेत म्हणून तो बाबांच्या खुर्चीमागे भिंतीतल्या फळीवर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायकोने दिला असेल. रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली.

मी इतकं खरं कधी ऐकलं नव्हतं. गज तारेला लागायच्या आधीचा श्वास ऐकू आला. सभागृह केवढं होतं ते कळलं. माईक किती अचूक जागी लावला होता तेही कळलं, मला, पहिल्यांदा. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली. ओहम, वॅट, सगळं जुळलं होतं. एक सूर कमी नाही, एक जास्त नाही. बाबा समोर अ‍ॅम्प्लिफायरकडे बघत होते, व्हॉल्व्हच्या तापून लाल झालेल्या तारांकडे. चेहऱ्यावर समाधान होतं, असं मी धरून चाललो होतो.

पहिली चीज संपली. दुसरी सुरू झाली, द्रुत, सगळी खोली भरून. बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, व्हॉल्व्ह चांगले तापलेत आता. लाव.

बायको आत निघून गेली. मी उभाच राहिलो. मग बोर्ड घेतला आणि लिहिलं, अजून दोन मिनिटं.

त्यांनी वाचलं. मान हलवली. म्हणाले, बरोबर आहे, घाई नको करूस.