गणपतीसमोर तीन वाक्यं

कल्याण, २२ ऑगस्ट १९५४, रविवार

आजपासून रोजनिशी. माणूस ओळखण्याची माझी कला वाया चाललीय, तिची कुठेतरी नोंद हवी. चेहरा बघितला की खोटं मला लगेच कळतं. हापिसात कोणी मानत नाही. जळतात, दुसरं काय!

आज मालनच्या गुडघ्याला हळद लावलेली दिसली. विचारलं नाही. बायकोला विचारावं लागणं म्हणजे हार. नजर ठेवणार.

२६ ऑगस्ट

मालन रोज दुपारी शेजारच्या हेमाबरोबर कुठेतरी जाते. हे सखुबाईंकडून कळलं. सखुबाई म्हणजे आमच्या चाळीच्या मालकीणबाई, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. मी तिकडे ठाण्याला खुर्ची झिजवतोय आणि इकडे हे असं.

जेवताना मालनकडे डिटेक्टिव्हसारखं रोखून बघितलं. तर म्हणाली, डोळे आलेत का तुमचे?

हेमाचा नवरा पोपट आज जिन्यात दोनदा नमस्कार म्हणाला. एकदा पुरला असता.

३० ऑगस्ट

चाळीच्या गणपतीत रविवारी एक खेळ ठेवलाय. पोपट त्याच्या ऑफिसातून शिकून आला. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं बोलायची. दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी खोटं ओळखायचं. माझ्यासाठीच काढलाय जणू! मालनला चारचौघांत बोलती करतो.

चाळीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, माझा अंदाज चुकला तर विसर्जनापर्यंत प्रसादाची भांडी मी घासीन. पोपटनं ताबडतोब टाळ्या वाजवल्या. फारच ताबडतोब.

२ सप्टेंबर

काल गणपती बसले. सराव म्हणून दूधवाल्या गणूला विचारलं, पाणी घालतोस का रे? नाही म्हणाला. चेहरा अगदी स्वच्छ. खरं बोलतोय. मालननं पातेल्यात डोकावून बघितलं आणि हसली. का हसली? नोंद केली.

५ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

आरतीहून थेट वहीकडे आलो. क्रमानं लिहितो.

पहिली पाळी माझी. मी म्हटलं, मी दारूला शिवलेलो नाही, मी उंदराला भीत नाही, मी साहेबाला तोंडावर सुनावलंय. खोटं फक्त उंदराचं होतं. चाळ एका सुरात ओरडली, उंदीर आणि साहेब, दोन्ही खोटं! साहेबाला मी खरोखर सुनावलं होतं. साहेब तेव्हा रजेवर होते, हा वेगळा पॉइंट.

मग सखुबाई. म्हणाल्या, मिठागरात राबले, खाडी पोहून गेले, बिबट्याला काठीनं हाकलला. मी म्हटलं, बिबट्या खोटा. म्हातारी उसळलीच! देवाच्या पुढ्यात खोटं? नाय बोलायची मी, तिन्ही खरी हायत, म्हणाली. पोपटनं हात जोडून तिला बाद केलं. हा अंदाज मी धरत नाही. खेळ न समजता खेळतात लोक.

मग मालन. आधी गणपतीला नमस्कार केला. मग खाली बघत म्हणाली, मी सायकल शिकले. मला खडवलीच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. मला नवरा मनासारखा मिळाला.

मी हसलो. म्हटलं, नोकरी खोटी! मला विचारल्याशिवाय कशी लागेल? ती म्हणाली, चूक, कालच ऑर्डर आली. बरं, मग सायकल! तर हेमा ओरडली, अहो भावोजी, मीच शिकवली की! खडवलीला स्टेशनपासून शाळा लांब आहे.

उरलं एकच वाक्य. तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि सगळे उठले. आरतीत माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. मुद्दाम.

७ सप्टेंबर

भांडी घासली. नोकरीवरून मी चांगला भडकणार होतो, पण आधी त्या तिसऱ्या वाक्याचा निकाल लागू दे. विचारणार मात्र नाही. विचारलं आणि तिनं सांगितलं तर?

लग्नात उखाण्यात माझं नाव घेताना हसली होती. ते हसू पुन्हा तपासायला हवं.

९ सप्टेंबर

मालनसाठी गजरा आणला. म्हणाली, आज काय काढलंत मध्येच? म्हणजे आवडला नाही. मग माळला. म्हणजे लपवतेय. शिऱ्याच्या पातेल्याची खरपुडी निघता निघेना. घासता घासता रडू आलं. राख डोळ्यांत गेली असावी.

१२ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. भांडी सुटली, पण आज राहवेना. सरळ विचारलं, मी मनासारखा नाही का गं?

मालन बघतच राहिली. म्हणाली, अहो, देवासमोर खोटं कसं बोलणार? तिन्ही खरी होती. सखुबाईंचं ऐकलंत ना, तिथेच तर बसला होतात! म्हटलं, मग नोकरीचं घरी का नाही सांगितलंस? म्हणाली, घरी नाही म्हणाला असतात. देवासमोर, चारचौघांत कसं म्हणाल?

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चहा मी केला. उद्यापासून रुजू म्हणाली. म्हटलं, पितृपक्षात? म्हणे, शाळेला पितृपक्ष नसतो. मी परवानगी दिली. ती तोवर चहा पिऊन उठली होती.

१३ सप्टेंबर, सकाळ

मालन गेली. खिडकीतून हात केला. छान दिसत होती.

आत्ता दाढी करताना लक्षात आलं. तिन्ही खरी होती, हे ती म्हणाली काल. गणपती बुडाले परवा. म्हणजे हे सांगताना देव समोर नव्हताच!

घरच्या देव्हाऱ्यातही गणपती आहे. संध्याकाळी आली की तिला तिथे बसवून पुन्हा विचारता येईल. पण तिथे ती खरं तेच सांगेल.

नकोच ते. हापिसला निघायच्या आधी सकाळची भांडी घासून ठेवतो.