द्वेष म्हणजे काय, आत्या?

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? सिस्टर असलीस तरी प्रार्थना खुर्चीत बसून केलीस तर देव रागावणार नाही, असं माझं मत आहे.

इथली बातमी अशी, की आमच्या चर्चचा पाइप ऑर्गन घोगरा झालाय. छताची गळती थेट पाइपांत उतरली. मी वाजवायला बसले की स्तोत्र पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. फादरांनी सूर लावणारा कारागीर बोलावला, आणि तो निघाला तुझा भाऊ. माझी आई अंथरुणाला खिळलेली असताना कामाचं निमित्त करून जो गेला, तो तिच्या मातीलाही आला नाही, तोच. स्टेशनजवळ खोली घेऊन राहिलाय. सूर लावायला दोन माणसं लागतात. एक आत पाइपांजवळ, एक बाहेर पट्टी दाबून धरायला. फादर म्हणतात, बाहेर तू बस.

रविवारी उपदेशात त्यांनी नेमकं हेच सांगितलं, की भावाचा द्वेष करणारा खुनीच. मी प्रसादाच्या रांगेतून मागे फिरले. घरी आल्यावर आठवलं, आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं खुद्द प्रभूच म्हणतो. ती पात्रता तर माझ्यात काठोकाठ आहे! मग मी खुनी की शिष्य? तू मुलींना पवित्र शास्त्र शिकवतेस. त्याची बहीण म्हणून नको, शिक्षिका म्हणून सांग.

हल्ली एक स्वप्न पडतं. मी आपल्या जुन्या घरात फिरतेय, ऊन आहे, आणि तो जिथे जिथे बसायचा तिथे नुसती पांढरी भिंत. जागी झाले की हलकं वाटतं. त्या हलकेपणाचीच भीती वाटते, आत्या.

चिडक्या भाचीवरही लोभ राहू दे.
तुझी,
टिटवी

ता. ९ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, पण तुझ्याइतका नाही.

आधी शिक्षिका. ज्या जुन्या भाषेतून ते बोल आले, तिच्यात 'कमी आवडतं' म्हणायची सोयच नव्हती असं आम्हाला शिकवतात. प्रेम नाहीतर द्वेष, दोनच टोकं. बायबलातल्या, दोन बहिणींच्या त्या नवऱ्याची गोष्ट आठव. थोरलीचा द्वेष होत होता असं लिहिलंय; पण तो तिच्या तंबूत जात होता, तिच्या मुलांचा बाप होता. ती नावडती होती, एवढंच. तेव्हा प्रभू मागतोय ती पहिली जागा. आईबाप दुसऱ्या जागी, आपला जीवसुद्धा. आणि पोरी, ती पात्रता तुझ्यात मुळीच नाही. तू बापाला पहिल्या जागी बसवलंयस. सकाळी डोळे उघडतेस तेव्हा आधी तोच असतो ना?

खुनाचं म्हणशील, तर त्याचा अर्थ तुझ्या स्वप्नातच आहे. द्वेष हात उगारत नाही; तो माणूस नसलेलं जग रंगवून ठेवतो आणि तिथे राहायला जातो.

कृत्याचा द्वेष मात्र वेगळा. खोटी जीभ, निरपराधाचं रक्त सांडणारे हात, यांचा देवालाही तिटकारा आहे. दादानं वहिनीला एकटं टाकलं, त्याचा मलाही आहे, आणि ते मी त्याला तोंडावर सुनावलंय. ते विसर म्हणून तुला कुणी सांगत नाही. शत्रूवर प्रीती म्हणजे त्याच्या गळ्यात पडणं नव्हे. त्याचं चुकलेलं जनावर दिसलं तर त्याच्या दारी नेऊन बांध, तो भुकेला असला तर वाढ. मन मागून आलं तर आलं. हे साधं आहे. सोपं आहे असं मी म्हणत नाहीये.

जायचं की नाही, तू ठरव. बहीण म्हणून काहीच लिहीत नाही. लिहायला बसले तर कागद भिजेल.

कसंही ठरव, मला कळव. तुझ्यावर जीव आहेच.
आत्या

ता. २१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेले. बाहेर कोण बसलंय ते आत सांगू नका, असं फादरांना बजावलं आणि पट्ट्यांपाशी बसले.

दुपारभर चर्च रिकामं होतं. काचांचे निळे-तांबडे डाग फरशीवर हळूहळू सरकत होते. मी एक पट्टी दाबायची, आतून बारीक टकटक यायची. दोन पाइप जवळजवळ जुळले की हवेत लाट उठते, ती आधी भरभर कापते, मग लांबते, मंदावते, आणि कधी विरली ते कळतच नाही. आत होते त्यांनीच लहानपणी मला हे ऐकायला शिकवलं होतं. 'पुढचा' असा आवाज यायचा की मी पुढची पट्टी धरायची. आम्ही एकमेकांना दिसत नाही, नुसत्या लाटांवर तरंगतोय, असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक.

मग 'पुढचा' असा आवाज आलाच नाही. पट्टी सोडायला अजून उशीर करतेस, असं ते आतून म्हणाले.

मी विचारलं, आईच्या मातीला का आला नाहीत. ते म्हणाले, कारण काही नाही, भ्यायलो. तिचं दुखणं बघवेना म्हणून गेलो, आणि मग तोंड दाखवायची लाज वाटली. मी म्हटलं, तुम्ही केलंत त्याचा मला द्वेष आहे, तो राहणार. ते म्हणाले, राहू दे, तो खराच आहे. काम थांबवू का, असंही विचारलं. मी पुढची पट्टी दाबली.

रविवारी रांगेत उभी राहिले आणि प्रसाद घेतला. ते मागच्या बाकावर बसून होते, उठले नाहीत. मीही बोलावलं नाही. ऑर्गन मात्र असा वाजला की फादर उपदेश सुरू करायचं विसरले. मला अजून त्यांच्याबद्दल माया वाटत नाही, आत्या. तुला खोटं कशाला लिहू? पण स्वप्नातल्या भिंतीला टेकून आता एक म्हातारा बसलेला दिसतो, आणि मी त्याला उठवत नाही.

त्यांच्या खोलीत थंडी फार आहे आणि बाबांना खोकला झालाय. तुझ्याकडे लोकर असेल तर काहीतरी विणून पाठव. मी नेऊन देईन.

तुझी,
टिटवी