अक्षताच्या मामाची मुलाखत

जयसिंगदादा,

तुला नमस्कार लिहायला हात वळंना. माझी अक्षता आणि तिच्या वर्गातला राजवीर गारगोटी रोडला मारून टाकलेले सापडले, त्याला वर्ष होत आलं. मारणारा अजून सापडला न्हाय. उचगावात ज्याच्या त्याच्या तोंडी नवी गोष्ट हाय, ते सोसलं मी. पण तू सख्खा मामा असून मोबाईलवाल्या पत्रकाराला म्हणालास, "लफडं होतं. पोराच्या घरच्यांनीच काटा काढला असंल."

दोघं कॉलेजच्या सर्व्हेला गेलती, दादा. सरांनीच धाडलेलं.

काल राजवीरची आई कबनूरहून आली. "बाई, माझ्या थोरल्याला पोलिसांनी उचललं. तुमच्या भावाचा व्हिडिओ दाखवत्यात."

मी तिच्यासंगं ठाण्यात गेले. म्हणाले, माझा भाऊ खोटं बोलतोय. साहेब हसला, "सख्खा मामा कशाला खोटं बोलंल?"

हे पत्र धाडत न्हाय. तू तेबी कुणाला तरी वाचून दाखवशील.

ज्यानं मारलं त्यानं बी तुला ऐकलं असंल. पोरीच्या मामानंच वाचवलं, म्हणत असंल.

तुझी बहीण म्हणून सही करवत न्हाय,
अक्षताची आई
रंजना