बाबा नाहीत

आगरवाडी,
२० फेब्रुवारी २००१

दर्शनाच्या बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पहाटे मजऱ्यावरच्या बागेत खजुरांना पाणी सोडायला जाता तेव्हा कानाला मफलर बांधत जा. इकडे सगळी खुशाल आहेत, पण परवा एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

शाळेतले नवे गुरुजी शिरगणतीला आले. मी गोठ्यात होते, म्हणून दर्शनानं उत्तरं दिली. वडील कुठे असं विचारलं तर ही म्हणाली, बाबा नाहीत. शेवटी गुरुजींनी लिहिलेलं वाचून दाखवलं, तर त्यात मी विधवा! मी मंगळसूत्र त्यांच्यापुढे धरलं आणि नको नको ते बोलले. बिचारे घाबरले, लगेच खोडलं. पण तुमचं नाव काही घातलं नाही. परदेशी असलेला माणूस इथे मोजत नाहीत म्हणे. कुटुंबप्रमुख म्हणून मला लिहून गेले. आता जरा दबून राहा!

थट्टा केली, पण गुरुजींनी वाचलेलं ते अजून कानातून जात नाही. मे महिन्यात व्हिसा संपला की कायमचा येतो म्हणाला होतात. याल ना?

आहे ती माया कमी होऊ देऊ नये.

तुमची,
आशा

फुजैरा,
८ मार्च २००१

सौ. आशा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग जेवण गेलं नाही. कुटुंबप्रमुखबाई, हुकूम मान्य! गंमत ऐक. मागे इथेही शिरगणती झाली होती. खोलीत सतीश, हनीफ, लियाकत आणि मी. वयानं मोठा म्हणून मलाच प्रमुख लिहिलं. प्रमुखाशी नातं काय, तर तिघांच्याही पुढे 'काही नाही'. जिथे नात्याचं कोणी नाही तिथे मी प्रमुख, आणि माझ्या घरात मी नाहीच.

मे महिन्याचं म्हणशील तर आमचा मालक, अरबाब, म्हणतो, आणखी दोन वर्षं राहा, मग खलास. दर्शनाच्या लग्नाचं बघायला हवं, म्हणून मी जवळजवळ होकार दिलाय. सही पुढच्या महिन्यात आहे. रागावू नकोस.

पण पोरीला एक विचार. नाहीत म्हणजे घरात नाहीत, असंच ना? तिच्या मनात दुसरं काही नव्हतं ना?

लोभ जसा आहे तसाच ठेव.

भिकाजी

आगरवाडी,
२४ मार्च २००१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईनं तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि उत्तर तूच लिही म्हणाली. स्वतः गोठ्यात निघून गेली.

बाबा, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. दारात कोणी वर्गणीला आलं, लग्नाचं बोलावणं घेऊन आलं, मयताला न्यायला आलं, तरी मी लहानपणापासून हेच सांगते. तोंडात बसलंय ते. आई ओरडली तेव्हा गुरुजी काय समजले ते मला कळलं, आणि मी खूप रडले. तुमचा रागही आला. आणखी दोन वर्षं, हे मी पहिलीत असल्यापासून ऐकते आहे.

माझ्या लग्नासाठी थांबू नका. पुढची शिरगणती दहा वर्षांनी होईल. तेव्हा मी सासरी असेन. गुरुजी आले तर उत्तर आईलाच द्यावं लागेल. तिला 'नाहीत' हा शब्द म्हणायला लावू नका.

आशीर्वाद पत्रातून नको, येऊन द्या.

तुमची,
दर्शना