निवासी डेस्मंड यांच्या ‘नाही’च्या खुणेबाबत

प्रति,
मा. विभागीय संचालक,
फेनगेट निवास व शुश्रूषा संस्था,
लिंकनशायर, इंग्लंड.

विषय : परिचारिका श्रीमती गेनर पास्क यांची तातडीने बदली होणे व त्यांनी शिकवलेली खूण बंद होणेबाबत.

संदर्भ : निवासी डेस्मंड थर्लो यांच्या स्थलांतराची फसलेली बैठक.

महोदया,

१. सदर डेस्मंड (वय ४६) जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या अक्षम असून त्यांना वाचा नाही, मानही आखडलेली आहे. वीस वर्षांत त्यांनी कशालाही हरकत घेतली नाही. असा गुणी निवासी शोधून सापडणार नाही. श्रीमती पास्क अशा लोकांच्या शुश्रूषेचे खास शिक्षण घेऊन आल्या आणि त्यांनी डेस्मंडना हाताने ‘नाही’ म्हणायला शिकवले : तळहात छातीसमोरून झटकन बाजूला. मला विचारण्याचे सौजन्यही दाखवले नाही.

२. पहिल्याच सकाळी डेस्मंडनी लापशी नाकारली. सेवक ट्रेव्हर माझ्यादेखत खो खो हसला. म्हणाला, “लापशीखाली वीस वर्षं तुंबलेलं ‘नाही’, साहेब! आज बाहेर पडलं.”

३. आमचा विभाग बंद होणार असल्याने त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलला हलवायचे ठरले. त्यांची एकुलती बहीण मोरीन पलीकडच्याच गल्लीत राहते व दर रविवारी येते, हे मला ठाऊक आहे. पण एका बहिणीसाठी इमारत उघडी ठेवता येत नाही. नियम म्हणून कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) देखरेख करणाऱ्या बाईंसमोर नव्या घराचा फोटो दाखवून त्यांना विचारले. त्यांनी ‘नाही’चा हात फिरवला. पुन्हा विचारले, पुन्हा फिरवला. बाईंनी तसे लिहूनही घेतले! जाब विचारला तर पास्कबाई म्हणतात, “तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं. आता चिडता कशाला?” महोदया, यांना काही समजत नाही असे मी दरवर्षी सहीनिशी कळवत आलो आहे. आता मी तोंड कुठे लपवू?

४. सबब, डेस्मंड अंग खाजवतात असे कारण दाखवून त्यांच्या दोन्ही हातांत जाड हातमोजे घालून ते मनगटाशी खुर्चीच्या हातांना बांधण्यात आले. शुक्रवारी, पास्कबाई रजेवर असताना, फेरबैठक घेतली. प्रश्न विचारला, कोणतीही खूण झाली नाही. डोळ्यांतून पाणी आले, परंतु त्याची नोंद घेण्याची तरतूद नाही. संमती गृहीत धरण्यात आली. गाडी मंगळवारी येईल. बहिणीची उद्याची भेट सर्दीच्या साथीचे कारण सांगून रद्द केली आहे. तिला मागाहून कळवू.

५. आज सकाळी डेस्मंड यांची बॅग भरून जेवणघरातून नेत असता तेथे बसलेल्या उरलेल्या चौघा निवासींनी, कोणीही काहीही विचारले नसताना, एकदम तोच ‘नाही’चा हात फिरवला. तरी हातमोज्यांचे आणखी चार जोड मंगळवारपूर्वी मंजूर व्हावेत, ही विनंती.

आपला,
निवासाच्या शांततेसाठी झटणारा,
क्लाइव्ह हेबल्थवेट
व्यवस्थापक
शनिवार, १४ नोव्हेंबर