अकरावी ढाल

केरवेझेक, नोव्हेंबर १७९३
(क्रांतीच्या नव्या पंचांगातला महिना लिहायला हवा, पण त्याचं अजून हाताला वळण पडलेलं नाही.)

प्रिय गूल्वेन मामा,

तुम्ही ब्रेस्टच्या गोदीत कामाला लागल्याचं कळलं, बरं वाटलं. आई ठीक आहे, खोकला तेवढा राहिलाय. काळ्या गव्हाची धिरडी टाकताना ती रोज तुमचं नाव काढते.

हे पत्र खरं तर चर्चचे राखणदार तुदुआल आजोबा लिहवून घेताहेत. टोपी मांडीवर घेऊन समोर बसलेत. निरोप असा: तुम्ही चर्चच्या खिडकीवरची, घराण्याचं चिन्ह कोरलेली दगडी ढाल गिलाव्याखाली लपवली होती, ती राजा-सरदारांच्या खुणा फोडत फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना सापडली. गेल्या महिन्यात छिन्नीने फोडली. "लिही पोरी, नशेत मीच कुठेतरी बरळलो असणार. चुना मी कालवला होता. दुसऱ्या कुणाला ठाऊक?"

गाव त्यांच्याशी बोलत नाही. भटारीण तोंडावर म्हणाली, "काय हो, ढालीचे दारूचे किती पेले मिळाले?" ते नुसते हसले.

आजोबांना अक्षर येत नाही. मी पुढे काय लिहितेय, ते त्यांना कळत नाहीये.

मामा, तुम्ही गिलावा केलात तेव्हा मी पायऱ्यांवर होते. नंतर अधिकाऱ्यांनी चर्चमधल्या सगळ्या ढालींची यादी मागितली. ढाली वाचता येणारी गावात मी एकटी. घरी पाटीवर तुम्हीच शिकवलंत. लिलीचं फूल राजाचं. पांढऱ्यावर काळे ठिपके म्हणजे अर्मिनचं, त्या मुंगसासारख्या पांढऱ्या जनावराचं कातडं, ते आपल्या ब्रिटनीचं. अंगाला चिखल लागू देण्यापेक्षा अर्मिन मरण पत्करतो, असं तुम्ही सांगायचात. मला ते जनावर फार आवडायचं.

मी दहा ढाली लिहिल्या.

"एवढ्याच? शपथेवर सांगतेस?" अधिकाऱ्याने सहज विचारलं. तो कागदाची घडी घालत होता.

"अकरा," मी म्हणाले.

कुणी धमकावलं नव्हतं. खोट्या शपथेचा डाग मला नको होता, एवढंच. आपल्या खापरपणजोबांनी कोरलेला तो दगड मला आठवला नाही, तुम्ही आठवला नाहीत. माझं अंग स्वच्छ राहिलं. चिखल आजोबांवर उडाला आणि महिनाभर मी तो पाहत राहिले.

आत्ता ते म्हणाले, "एवढं काय लिहितेस गं? माझा गुन्हा दोन ओळींचा."

मी सगळं वाचून दाखवलं.

बराच वेळ ते टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बोललो नव्हतो." पुन्हा तेच म्हणाले आणि डोळे पुसले. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

उद्या विहिरीवर सगळ्या बायकांसमोर मी हे सांगणार आहे. आजोबा म्हणतात, "कशाला? तुझं लग्न व्हायचंय अजून." तरी सांगेन. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून पत्र आजच धाडते.

तुमच्या उत्तरावर माझा हक्क नाही. वाट मात्र पाहीन.

तुम्हीच शिकवलेली,
अझेनोर